प्रीप्रिंट : वाचावे, पण पारखून

समीक्षकांच्या तपासणीपूर्वीच सर्वांना खुला होणारा शोधनिबंध म्हणजे प्रीप्रिंट. जीवशास्त्रासाठी २०१३ साली ‘बायोआर्काइव्ह’, तर वैद्यकासाठी २०१९ साली ‘मेडआर्काइव्ह’ सुरू झाले.

‘रिकव्हरी’ चाचणीचा निबंध २२ जून २०२० रोजी असाच खुला झाला. डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील कोविडरुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ नव्हता. नियतकालिकात तो १७ जुलैला आला. साथीत ते पंचवीस दिवस अमोल होते.

उलट, कोरोनाविषाणूत एचआयव्हीसदृश अंश असल्याचा दावा करणारा, त्याच वर्षीच्या जानेवारीतील निबंध काही दिवसांतच मागे घेतला गेला. अफवा तेवढी उरली.

म्हणूनच बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी प्रीप्रिंट आवर्जून वाचतो; परंतु बाळाच्या औषधाची मात्रा केवळ त्यावरून ठरवीत नाही.