अणुवीज केंद्राचा शेजारी

अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेवर लक्ष कोणी ठेवावे, असे विचारले तर बहुतेक जण ‘अर्थात तज्ज्ञांनी’ असे उत्तर देतील, आणि ते उत्तर चुकीचे नाही. अणुभट्टीतील उष्णता कशी काढून घ्यावी, नळ्यांची झीज कितपत झाली आहे, ह्या गोष्टी हात वर करून ठरवावयाच्या नव्हेत. परंतु कुंपणाबाहेर ज्याचे शेत आहे किंवा ज्याची होडी रोज त्याच पाण्यात उतरते, त्या शेजाऱ्याने कोणाला प्रश्न विचारावा आणि उत्तर न मिळाल्यास कोठे जावे, ही बाब राज्यकारभाराची आहे. त्याच बाजूने आज तिचा विचार करू.

मी चंडीगडला राहतो. हे शहर ज्या दोन राज्यांची राजधानी आहे, त्यांपैकी हरियाणात, फतेहाबाद जिल्ह्यातील गोरखपूर ह्या गावी, प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या उभ्या राहावयाच्या आहेत. जानेवारी २०१४ मध्ये तेथे कोनशिला बसली. ह्या केंद्राजवळ समुद्र नाही, मोठी नदी नाही. भाक्रा कालव्याच्या फतेहाबाद शाखेचे पाणी त्याला मिळावयाचे आहे. ज्या कालव्यावर पिके उभी, त्याच कालव्यावर अणुभट्टी थंड राहावयाची! जुलै २०१२ मधील जनसुनावणीच्या आधी तेथील शेतकरी दीर्घकाळ धरणे धरून बसले होते, ते जमिनीसाठी तर खरेच. पण पाण्याची काळजीही त्यात होतीच.

ही जनसुनावणी म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पाला पर्यावरणविषयक मंजुरी देण्यापूर्वी ती घ्यावी लागते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरविते. जिल्हाधिकारी किंवा निदान अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. लोकांना किमान ३० दिवसांची सूचना मिळावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध व्हावा लागतो, आणि शेवटी उपस्थित झालेले मुद्दे लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे लागतात. कागदावर ही रचना चांगली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पासाठी माडबन येथे १६ मे २०१० रोजी अशी सुनावणी झाली, तेव्हा मराठी अहवालाच्या प्रती वेळेवर मिळाल्याच नाहीत, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याने मासळीचे काय होईल, ही चिंता साखरी नाटे येथील मच्छीमारांना होती. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ३५ अटींसह मंजुरी मिळाली. पुढे एप्रिल २०११ मध्ये आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार होऊन एका माणसाला प्राण गमवावे लागले.

मला महत्त्वाची वाटते ती उणीव मात्र प्रतींच्या विलंबाहून वेगळी आहे. ही सुनावणी पर्यावरणाची असते. किरणोत्सर्गापासूनच्या सुरक्षिततेचा निर्णय अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असतो. ते मंडळ जागेची निवड, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष संचालन अशा पायऱ्यांनी संमती देते. संचालनाचा परवानाही ठरावीक मुदतीनंतर पुन्हा घ्यावा लागतो. ह्यांपैकी कोणत्याही पायरीवर गावकऱ्यांची सुनावणी घेण्याचा प्रघात नाही. म्हणजे लोकांना केंद्र उभे राहण्यापूर्वी एकदाच विचारावयाचे, आणि त्यांच्या मनातील सर्वांत मोठ्या प्रश्नाचा निर्णय दुसऱ्याच दालनात व्हावयाचा!

त्या दालनाचीही एक कथा आहे. १९८३ साली स्थापन झालेले हे मंडळ अनेक वर्षे अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आणि आयोगाचे अध्यक्षपद, ज्या खात्याची केंद्रे तपासावयाची, त्याच खात्याच्या सचिवाकडे होते. २०१२ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या ह्या दुबळ्या स्थितीवर बोट ठेवले. नियमभंगाबद्दलचा कमाल दंड तेव्हा अवघा ५०० रुपये होता. फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये लोकसभेत आलेले स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक २०१४ साली लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. तथापि तेवढ्याने गावकऱ्याला त्याच्या बैठकीत खुर्ची मिळत नाही.

सामान्य माणसाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो तालमीच्या दिवशी. अपघाताचे परिणाम कुंपणाबाहेर पोहोचले तर सूत्रे जिल्हा प्रशासनाच्या हाती जातात, आणि त्याची रंगीत तालीम साधारणतः दर दोन वर्षांनी होते. अशा तालमीत गावकरी बहुधा मोजावयाचा आकडा असतो. वस्तुतः पावसाळ्यात कोणता साकव पाण्याखाली जातो, कोणत्या पाड्यावर वृद्ध माणसे एकटी राहतात, हे तहसील कचेरीपेक्षा त्यालाच अधिक ठाऊक. योजना लिहितानाच त्याला बसवून घेतले तर ती कागदी राहणार नाही. तसेच नमुन्यांचे. तारापूरसारख्या प्रत्येक केंद्राजवळ परिसर-सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती दूध, मासळी, पाणी, माती तपासते. ज्याच्या गोठ्यातले दूध नेले, त्याला तो आकडा त्याच्या भाषेत, आणि तो किती असला म्हणजे काळजीचे कारण, ह्या खुलाशासह कळावयास हवा.

जैतापूरच्या अणुभट्ट्या ज्या फ्रान्सकडून घेण्याचे ठरले, त्या देशात ह्यावर एक तोड काढलेली आहे. १९८१ पासून तेथे केंद्रागणिक स्थानिक माहिती समित्या स्थापन होऊ लागल्या, आणि २००६ च्या कायद्याने त्यांना वैधानिक स्थान मिळाले. निवडून आलेले स्थानिक प्रतिनिधी, पर्यावरणसंस्था, कामगार संघटना आणि जाणकार असे त्यांचे सभासद असतात. समिती केंद्राला व नियामकाला प्रश्न विचारू शकते. आपल्या खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून मोजमापही करवून घेऊ शकते. भट्टी बंद करण्याचा अधिकार तिला नाही, आणि तो असूही नये, असे मला वाटते. पण केंद्र चालू असेतोवर तिच्या बैठका चालू राहतात.

गोरखपूर येथे बांधकाम चालू आहे, भट्टी पेटावयाची आहे. कालव्याकाठच्या ग्रामपंचायती, पाटबंधारे खाते, जिल्ह्यातील डॉक्टर आणि नियामक मंडळाचा एक अधिकारी ह्यांची अशी समिती आजच नेमता येईल. पाण्याचे व दुधाचे पहिले नमुने तिच्यासमक्ष, वीज निर्माण होण्यापूर्वीच घेतले, म्हणजे नंतरच्या प्रत्येक आकड्याची तुलना कशाशी करावयाची, हे केंद्रालाही कळेल आणि शेजाऱ्यालाही.