फोटोमागची तारीख

बँकेत तीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. मिशिगनला मुलीकडे गेलो होतो. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी जुना फोटो दाखवला. फोर्डची मॉडेल टी मोटार, शेजारी त्यांची आजी, कडेवर बाळ. मागे शाईनं लिहिलेलं : १९१२. ‘‘हे माझे थोरले काका. तेरा साली गेले. त्यांचा एवढाच फोटो.’’

माझी नजर मोटारीवर खिळली. १९०८ मध्ये आलेल्या या गाडीचा रेडिएटर १९१६ च्या मॉडेलपर्यंत लखलखीत पितळी असे. इथे तो काळा. कुणी मागाहून रंगवला म्हणावं, तर बॉनेटही उंच, गोलसर; म्हणजे १९१७ च्या मॉडेलपासूनचं. बारा सालचं बुटकं, कोनदार असे. सही जुळत नव्हती.

सांगावं की गप्प बसावं? चहा निवून गेला. अखेर सांगितलं.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘सतरानंतर घरात एकच बाळ होतं. माझे वडील.’’ वडिलांचा लहानपणीचा एकही फोटो त्यांच्यापाशी नव्हता.

एक नावे, एक जमा. मागची तारीख मात्र त्यांनी खोडली नाही.