शिरढोणच्या वाटेवरील बाजार
उत्पादकाचे विक्री केंद्र आणि डोंगरी भागाचा विकास

पनवेलहून गोव्याकडे जाणारा प्रवासी पळस्पे फाटा ओलांडून पुढे निघाला की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. पुढे कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो आणि रस्ता पक्षी अभयारण्याच्या रानात शिरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पानांच्या द्रोणांत करवंदे व जांभळे घेऊन, तर पावसाळ्यात शेवळे, टाकळा आणि करटोली यांचे वाटे मांडून या परिसरातील आदिवासी भगिनी रस्त्याच्या कडेला बसतात. माल थोडा आणि भांडवल नगण्य. तथापि येथे माल गोळा करणारा व विकत घेणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नसतो. परदेशांतील अवाढव्य ‘आउटलेट’ विक्री केंद्रे मुळात याच तत्त्वातून उभी राहिली आहेत.

आउटलेट म्हणजे काय?

कारखान्यात तयार झालेला सर्वच माल दुकानांतून खपत नाही. काही माल हंगाम सरल्यावर उरतो, तर काहीत किरकोळ दोष राहतो. असा माल घाऊक व्यापाऱ्याची दलाली टाळून कारखानदाराने स्वतःच कमी दराने विकावा, ही यामागील कल्पना होय. अमेरिकेत पेन्सिल्वेनिया राज्यातील रीडिंग शहराजवळ मोजे विणणाऱ्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीत १९७० च्या दशकात अशी विक्री भरभराटीस आली. शहराबाहेर जमीन स्वस्त असल्याने खर्च वाचतो. मात्र ग्राहकाला तेथवर यावे लागते. म्हणून लोक अन्य कारणाने ज्या वाटेने जातातच, ती पर्यटनाची वाट अशा केंद्रांसाठी निवडली जाते.

जपानमधील कारुइझावा हे याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे एक हजार मीटर उंचीवरील हे गाव १८८६ नंतर थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे १९९५ साली आउटलेट केंद्र सुरू झाले आणि १९९७ साली वेगवान रेल्वे पोहोचल्याने टोकियोहून तासा-सव्वा तासात तेथे जाणे शक्य झाले. परंतु त्याच वर्षी घाटातून गावाकडे चढणारा जुना रेल्वेमार्ग बंद करण्यात आला. दळणवळण बदलले की बाजाराचे स्थान बदलते आणि लाभाची वाटणीही बदलते, हा बोध यातून घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्याकडे डोंगरी गावांतील विक्री केंद्र शिलकी मालावर उभे राहिले नाही. ते नाशवंत मालावर उभे राहिले. स्ट्रॉबेरीचे फळ फार दिवस टिकत नाही. दूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत ते खराब झाले तर नुकसान शेतकऱ्याचेच होते. पाचगणी-महाबळेश्वर परिसरात फळांपासून सरबते व जॅम तयार करणारे उद्योग उभे राहिले आणि त्यांनी पर्यटकांच्या वाटेवरच स्वतःची विक्री केंद्रे उघडली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. मध जेथे निघतो तेथेच तो विकला जावा आणि त्याचे मोल गावातच राहावे, हा या उपक्रमाचा गाभा होय.

पनवेल तालुक्यातही असा वारसा आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरने कर्नाळ्यापुढील तारा गावी तेलघाणी, साबण, मातीकाम यांसारखे ग्रामोद्योग चालविले आणि त्यांतील माल ग्राहकांपर्यंत थेट नेला.

रस्ता रुंद होतो, तेव्हा

शिरढोण परिसरासमोरील खरा प्रश्न येथून सुरू होतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेण्यात आले. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो आणि कडेला थांबणे धोक्याचे ठरते. पाटी घेऊन बसणाऱ्या स्त्रीचा ग्राहक तिच्यासमोरून निघून जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यावर त्यावरील प्रवासी नेमून दिलेल्या थांब्यांवरच थांबू लागला आणि तेथे भाडे भरू शकणाऱ्यांचीच दुकाने उभी राहिली. २०२४ साली अटल सेतू खुला झाला आणि २०२५ साली नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या भागातील वर्दळ वाढणार हे उघड आहे. ती वाढल्यावर गावाच्या वाट्याला केवळ धूळ व कचरा यावा की मालाची किंमतही यावी, हे आज घेतल्या जाणाऱ्या निर्णयांवर अवलंबून आहे.

पंचायतीचे कर्तव्य

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार बाजार भरविणे व त्याची व्यवस्था पाहणे हे पंचायतीच्या कक्षेतील काम आहे. फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरील निर्बंध राज्य शासनाने २०१६ साली दूर केले आहेत. महिला बचत गटांना ‘उमेद’ अभियानाचे साहाय्य मिळू शकते. तेव्हा सेवा रस्त्यालगत वाहने सुरक्षित उभी राहतील अशी जागा, सावलीचे ओटे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह एवढी सोय झाली, तरी गावाच्या विक्री केंद्राचा पाया घातला जाईल. त्यातील ओटे रानमेवा आणणाऱ्या स्त्रियांसाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा बाहेरचा घाऊक माल आणणारा व्यापारी त्यांची जागा घेईल.

रानाचीही मर्यादा असते. अभयारण्यातून काही आणण्यास कायद्याचे बंधन आहे. त्याबाहेरही कंद मुळासकट उपटला, तर पुढील पावसाळ्यात विकण्यास काही उरत नाही. शाळांनी रानभाज्यांची ओळख व जतन हा विषय हाती घेतल्यास शिक्षकांचा या कामी मोठा हातभार लागेल.

विक्री केंद्राची इमारत किती मोठी, यावरून त्याचे यश मोजता येत नाही. सायंकाळी पाटी रिकामी करून घरी परतणाऱ्या स्त्रीच्या हाती किती रुपये पडले, हेच त्याचे खरे माप होय.