मांडीवरचा ताल
(बालक आणि संगीत : लेखांक 4)

गेल्या लेखांकात आपण नवजात अर्भकाच्या श्रवणशक्तीचा विचार केला आणि जन्मापूर्वीच आईच्या आवाजाशी त्याची ओळख झालेली असते, हे पाहिले. ज्याचे कान इतके सजग, त्याला उत्तम संगीत नुसते ऐकविले म्हणजे पुरे, की कोणीतरी त्याच्यासमवेत गायला हवे, हा यापुढचा स्वाभाविक प्रश्न होय.

1998 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी, प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात पाश्चात्त्य संगीताची ध्वनिमुद्रिका पोहोचावी म्हणून, अंदाजपत्रकात 1,05,000 डॉलरांची तरतूद सुचविली. हेतू निःसंशय उदात्त होता; परंतु ज्या संशोधनाचा दाखला त्यामागे होता, ते 1993 सालचे, 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले, आणि त्यात दिसलेला परिणामही 10-15 मिनिटांतच ओसरणारा. पाळण्यातल्या जीवाविषयी त्यात अवाक्षरही नव्हते.

बालकांविषयीचा पुरावा पुढे 2012 साली कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठातून आला. सहा महिन्यांच्या बालकांचे दोन गट करून, एका गटातील आईबापांनी मुलांना घेऊन दर आठवड्यास मोजकीच अंगाईगीते व अभिनयगीते पुनःपुन्हा गावीत, आणि दुसऱ्या गटातील मुले खेळत असता मुद्रित संगीत नुसते चालू ठेवावे, अशी तजवीज सुमारे सहा महिने करण्यात आली. तेव्हा पहिल्या गटातील मुले बोटाने वस्तू दाखविणे, निरोपाचा हात हलविणे अशा खुणा अधिक करू लागली, अधिक हसू लागली आणि अपरिचित गोष्टींनी कमी बावरू लागली. त्याच विद्यापीठातील 2014 सालच्या प्रयोगात समोरची व्यक्ती ज्या 14 महिन्यांच्या मुलांबरोबर एकाच ठेक्यात झुलली, त्यांनी तिच्या हातून पडलेल्या वस्तू उचलून देण्यात, ठेका न जुळलेल्या मुलांपेक्षा अधिक तत्परता दाखविली.

याचे कारण गूढ नाही. तबकडी बालकासाठी थांबत नाही. गाणारी आई थांबते. मूल हसले की ती तीच ओळ पुन्हा घेते, पेंगू लागले की लय संथ करते, आणि समेपूर्वी क्षणभर थबकून त्याच्या हुंकाराला जागा करून देते. बोलण्यात आपली पाळी केव्हा आणि दुसऱ्याची केव्हा, हा संवादाचा पहिला धडा मुलाला येथेच मिळतो. आपल्या खेड्यांतून पहाटे मांडीवर मूल घेऊन जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आईकडून दगडाचा फेरा, तिच्या अंगाची हालचाल आणि तिचा स्वर, ही तिन्ही एकाच लयीत त्या मुलाला लाभत.

आज जाते राहिले नाही, मांडी आहे. चार-पाचच गाणी निवडावीत, न्हाऊ घालताना व निजविताना रोज तीच म्हणावीत, शेवटचा शब्द गिळून मुलाच्या तोंडाकडे पाहावे. ‘मला गाता येत नाही’ ही सबब येथे मंजूर होण्याजोगी नाही, कारण मुलाला हवा असतो तो त्याच्यासाठी थांबणारा आवाज.

त्या थांबलेल्या क्षणी मूल जो पहिला स्वर काढते, त्यातून भाषा कशी आकारास येते, याचा विचार पुढील लेखांकात करू.