असंतुलित ध्वनिस्रोताची संतुलित ॲम्प्लिफायरशी जोडणी

असंतुलित ध्वनिस्रोताची संतुलित ॲम्प्लिफायरशी जोडणी ही मोबाईल, लॅपटॉप यांसारख्या घरगुती उपकरणांचा ध्वनी व्यावसायिक ध्वनियंत्रणेला पुरवण्याची पद्धत आहे. नवीन पनवेलसारख्या वसाहतींतील गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा सभागृहात मोबाईलवरील गाणी वाजवताना तिची गरज पडते.

कार्यतत्त्व

असंतुलित केबलमध्ये एक संदेशवाहक तार असते व भोवतालचे जाळीदार आवरण परतीचा मार्ग होते. संतुलित केबलमध्ये दोन संदेशवाहक तारा व स्वतंत्र आवरण असते. ॲम्प्लिफायर या दोन तारांमधील फरकच वाढवतो. त्यामुळे दोन्हींत सारखाच शिरलेला ५० हर्ट्झचा गुणगुणाट वगळला जातो.

ॲडॉप्टर

एक्सएलआर जोडणीत पिन १ आवरणासाठी, तर पिन २ व ३ संदेशासाठी असतात. आरसीए-एक्सएलआर ॲडॉप्टरमध्ये सामान्यतः पिन ३ ही पिन १ ला जोडलेली असते. असा ॲडॉप्टर केवळ प्लग जुळवतो, स्रोताला संतुलित करत नाही. लांब अंतरासाठी ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरतात.

मोबाईलच्या स्टिरिओ प्लगमधील डावी वाहिनी पिन २ ला व उजवी पिन ३ ला जोडल्यास दोहोंची वजाबाकी होते आणि दोन्हींत समान असलेला गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

सुरक्षितता

गुणगुणाट थांबवण्यासाठी ॲम्प्लिफायरची अर्थिंगची तार काढणे जीवघेणे ठरू शकते; बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्टचा प्रवाह उतरतो. मायक्रोफोनच्या इनपुटला थेट ॲडॉप्टर जोडण्यापूर्वी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद करतात, अन्यथा स्रोत उपकरण निकामी होण्याचा संभव असतो.