बैल आणि मराठी संस्कृती

संस्कृती माणूस घडवतो, हे खरे असले तरी अपुरे आहे. ज्या पशूंच्या श्रमावर समाज उभा राहतो, त्यांचाही तिच्या घडणीत वाटा असतो. कृषिप्रधान महाराष्ट्रात हा वाटा सर्वाधिक बैलाचा आहे. नांगरणी, पेरणी, मळणी, मोट, घाणा, वाहतूक अशी कष्टाची बहुतेक कामे त्याच्या खांद्यावर होती. एकच बैल असलेले शेतकरी परस्परांत सावड करीत आणि इर्जिकीला गावातील अनेक जोड्या एकाच्या शेतात उतरत. म्हणजे माणसामाणसांतील नातीही बैलामुळे जुळत होती.

या संबंधाचे सर्वांत बोलके रूप पोळ्यात दिसते. हा सण श्रावण अमावास्येला येतो. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागात आषाढात बेंदूर साजरा होतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. रंगवलेली शिंगे, झूल, बाशिंग, पुरणपोळीचा घास हे आपण पाहतोच. परंतु अभ्यासकाने आदल्या संध्याकाळच्या विधीकडे अधिक लक्ष द्यावे. त्या वेळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तेल लावून तो चोळला जातो. ज्या जागी वर्षभर जू घासते, नेमकी तीच जागा! या विधीत कृतज्ञता आहे, तशीच आपण दिलेल्या वेदनेची मूक कबुलीही आहे. वर्षाचे श्रम आणि एका दिवसाची विश्रांती हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही. म्हणूनच पोळ्याकडे केवळ भाबड्या कौतुकाने पाहणे योग्य नव्हे.

भाषेतही हा दुहेरी संबंध उमटला आहे. वेसण घालणे, कामाला जुंपणे, दावणीला बांधणे, गळ्यात लोढणे अडकणे हे वाक्प्रचार आज आपण माणसांविषयी वापरतो. मुळात ते गुराढोरांना ताब्यात ठेवण्याच्या साधनांतून आले आहेत. 'दिवस कासराभर वर आला' असे म्हणताना तर बैलाचा दोर आकाश मोजण्याचे माप होतो. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले. ज्या असुडाने शेतकरी बैल हाकतो, तोच येथे त्याची पिळवणूक करणाऱ्यांवर उगारलेला आहे. ग्रामीण वाचकाला हे नाव उलगडून सांगावे लागत नव्हते.

आता ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी पंप आला. 'बैल गेला आणि झोपा केला' या म्हणीतील झोपा म्हणजे गोठ्याचे काटक्यांचे दार. अनेकांना तो झोपेशी संबंधित वाटतो. वस्तू नाहीशी झाली की शब्द असा पोरका होतो.

बैलगाडा शर्यतीचा वादही याच संदर्भात पाहावा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रूरतेच्या कारणावरून जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एका बाजूला परंपरा आणि खिलारसारख्या जातींचे जतन, दुसऱ्या बाजूला मुक्या जनावराच्या यातना, असे हे युक्तिवाद आहेत. शेतीकाम सुटल्यावर बैल पाळण्याचे कारण काय उरते, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांपुढे आहे, आणि न्यायालयीन निकालाने तो सुटलेला नाही.

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ शेतकऱ्याशी बोलून जू, शिवळ, तिफण, वखर, कासरा यांचे स्थानिक उच्चार आणि उपयोग नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द घरातील तरुणांना ठाऊक आहेत, हेही विचारा.