सहा व्होल्टचे अडीचशे करणारी पट्टी

मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची आणि रेडिओच्या व्हॉल्व्हना लागायचे दोनशे-अडीचशे व्होल्ट. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने 1930 साली मोटोरोला नावाचा कार रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही हा तिढा सुटला नव्हता. गाडीच्या बॅटरीवर व्हॉल्व्हचे फिलामेंट तेवढे तापायचे. उच्च दाबासाठी कोरड्या बॅटऱ्यांचे ठोकळे पायाखालच्या फळीखाली बसवावे लागत आणि ते संपले की नवे विकत घ्यावे लागत.

ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज वाढवता येतं, पण त्याला बदलता प्रवाह हवा. बॅटरीचा प्रवाह सरळ, एकाच दिशेचा. हा पेच सोडवला व्हायब्रेटरने. पत्र्याच्या छोट्या डबीत एक लवचीक पोलादी पट्टी, शेजारी एक विद्युतचुंबक. विजेच्या घंटीतला टोल हलतो त्याच तत्त्वावर ही पट्टी सेकंदाला साधारण 115 वेळा इकडून तिकडे हलते. प्रत्येक हेलकाव्याला टंगस्टनचे संपर्कबिंदू ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याचा कधी एक अर्धा भाग जोडतात, कधी दुसरा. गाभ्यातलं चुंबकत्व सतत उलटतं, दुय्यम वेटोळ्यात शेकडो व्होल्ट उभे राहतात आणि एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह त्यांना पुन्हा सरळ करतो. काही व्हायब्रेटरमध्ये संपर्कांची दुसरी जोडी असे. मग रेक्टिफायरही लागत नसे. मात्र अशा सेटला बॅटरीची धन-ऋण टोकं उलटी जोडली, तर उच्च दाबही उलटाच मिळे.

फुकट काहीच मिळत नाही. 250 व्होल्टला 60 मिलिअँपिअर म्हणजे 15 वॅट. वाया जाणारी शक्ती धरली की सहा व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी चारेक अँपिअर ओढले जाणार, फिलामेंटचा खर्च वेगळाच.

या सगळ्यात मला सर्वांत देखणा वाटतो तो दुय्यम वेटोळ्यावर बसवलेला बफर कपॅसिटर. संपर्क सुटले की गाभ्यातल्या ऊर्जेला कुठेतरी जाणं भाग असतं. वाट नसेल तर ठिणगी उडते आणि टंगस्टन जळतं. या कपॅसिटरचं मूल्य असं बेतलेलं असतं, की पट्टी एका बाजूकडून दुसरीकडे पोचेपर्यंत ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज आपणहून उलटलेलं असावं आणि पुढचा संपर्क जवळजवळ ठिणगीविना जुळावा. क्षणाच्या छोट्याशा हिश्शाचा हा हिशेब निव्वळ एका वेटोळ्याने आणि एका कपॅसिटरने साधला आहे. अभियांत्रिकीत इतकं नेमकं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

पट्टीची गुणगुण कानावर येऊ नये म्हणून डबीच्या आत रबराचं अस्तर, आणि उरलेल्या ठिणग्यांची खरखर रेडिओत शिरू नये म्हणून वर पत्र्याचं कवच आणि तारांवर चोक कॉइल्स. शेवटी संपर्क झिजत, चिकटत. म्हणूनच व्हायब्रेटर व्हॉल्व्हसारखाच पिनांच्या बैठकीत खोचलेला असे, उपसून बदलता यावा म्हणून.

जास्त शक्तीची गरज असेल तिथे डायनामोटर लावत: एकाच आर्मेचरवर दोन वेटोळी, दोन कम्युटेटर, एका टोकाला मोटर आणि दुसऱ्या टोकाला जनित्र. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांतले प्रक्षेपक त्यावर चालत.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकी गाड्या बारा व्होल्टवर गेल्या. बारा व्होल्टवरच चालणारे व्हॉल्व्ह आले, पाठोपाठ ट्रान्झिस्टर आले आणि उच्च दाबाची गरजच सरली. जुने सेट दुरुस्त करणारे हल्ली त्याच पिनांवर ट्रान्झिस्टरचा पर्याय खोचतात. पण आधी तो बफर कपॅसिटर बदलतात, कारण तो गळका असेल तर नवा व्हायब्रेटरही जळतो.